आमचं घरचं अवजार ओपन सोर्स करायचं म्हणतोय. काय काय अंगाशी येईल?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून एक छोटी कंपनी चालवतो. स्टार्टअप म्हणायचं तर म्हणा, पण गुंतवणूकदार वगैरे कुणी नाही. लोकांना वेब अ‍ॅप्लिकेशन्स बनवून देतो, त्यावर भागतं. कामं वरून वेगवेगळी दिसतात, आतून सगळी सारखीच. चार फॉर्म, दहा याद्या, कुणी काय बघायचं आणि कुणी काय बदलायचं याचे नियम, आणि शेवटच्या मीटिंगला हमखास येणारा प्रश्न: "हे सगळं एक्सेलमध्ये मिळेल ना?"

तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी तोच कोड तिसऱ्यांदा लिहिताना जीव विटला. मग आम्ही एक अवजार काढलं. एका फाइलीत वर्णन लिहायचं: या तक्त्यात हे रकाने, हा सक्तीचा, हा फक्त हिशेब बघणाऱ्याला दिसेल. अवजार त्यावरून फॉर्म, यादी, शोध, सर्व्हरवरची तपासणी आणि परवानग्या यांचा कोड काढून देतं. बाहेर पडलेला कोड साधा असतो, वाचता येतो, नाही पटला तर हाताने बदलता येतो. त्या बाबतीत आम्ही पहिल्यापासून हट्टी आहोत.

दोन वर्षं सात प्रकल्पांत वापरून झालं. आता ते ओपन सोर्स करावं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना बघायला, वापरायला, बदलायला खुला करावा, असं मनात आहे. पण बसून बोलायला लागलो की तिघांची तीन मतं होतात. परवाना कुठला घ्यायचा? सगळंच द्यायचं की काही भाग विकायला मागे ठेवायचा? कमिटचा, म्हणजे कोडमध्ये नोंदलेल्या एकेका बदलाचा, जुना इतिहास तसाच ठेवायचा की कोरी पाटी करायची? आणि मला सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न म्हणजे, उद्या लोकांनी ते खरंच वापरायला घेतलं तर पुढे काय?

अनुभवी लोकांनी कृपया हात सैल सोडून लिहावं.

---

जुनंखोड

स्वागत. पहिल्याच धाग्यात मोठा विषय काढलात.

तुमच्या वर्णनातली मला आवडलेली गोष्ट सांगतो. हे अवजार तुम्ही 'बनवायला घेतलं' नाही, ते कामातून निघालं. रेल्स हे वेबसाठीचं फ्रेमवर्क असंच निघालं होतं, बेसकॅम्प या उत्पादनाच्या पोटातून, आणि जुलै २००४ मध्ये सगळ्यांना दिलं गेलं. त्याच जातीचं जँगो तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं. बातमीदारांना आज पान हवं तर आजच हवं, त्या घाईतून. ते २००५ च्या जुलैत खुलं झालं. दोन्ही अजून धट्टीकट्टी आहेत. याउलट 'जगाला एका फ्रेमवर्कची गरज आहे' असं आधी ठरवून, मग उपयोग शोधायला निघालेली किती तरी अवजारं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि गेली. स्वतःचं पोट ज्यावर चालतं ते अवजार माणूस मोडू देत नाही, एवढं साधं आहे ते.

म्हणून माझा उलट प्रश्न. ओपन सोर्स केल्यावर तुमची पुढची गिऱ्हाइकांची कामं याच आवृत्तीवर होणार का? की आत एक आणि बाहेर एक? दोन आवृत्त्या ठेवल्यात तर सहा महिन्यांत बाहेरची मरते. लिहून ठेवा.

---

शंकासुर

नावाला जागून शंका काढतो.

"आम्ही ओपन सोर्स आहोत" हे वाक्य मी आता घड्याळ लावून ऐकतो. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना बदलून आवळला. इलास्टिकसर्चने २०२१ च्या सुरुवातीला. टेराफॉर्मने ऑगस्ट २०२३ मध्ये. रेडिसने मार्च २०२४ मध्ये. ही सगळी नावाजलेली सॉफ्टवेअरं, आणि दर वेळी कारण तेच: आम्ही राबतो आणि मोठ्या क्लाउड कंपन्या आमचंच सॉफ्टवेअर भाड्याने देऊन कमावतात. कारण खोटं नाही. पण ज्यांनी पाच वर्षं विश्वासाने त्यावर घर बांधलं त्यांनी काय करायचं? त्यांनी फाटे फोडले, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून वेगळे प्रकल्प काढले. इलास्टिकसर्चमधून ओपनसर्च, टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून व्हॅल्की. गंमत म्हणजे इलास्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय देऊन ओपन सोर्सच्या अंगणात परत आले. तोवर व्हायची ती पांगापांग झाली होती.

उंबरठा, तुम्ही तिघं चांगले असाल. पण चौथा येईल, पैसे घेऊन येईल, आणि पहिली नजर परवान्यावर टाकेल. तेव्हा काय, ते आत्ता सांगा.

---

आळशी ससा

आधीच शंभर फ्रेमवर्क आहेत, त्यात हे एकशे एकावं. फ्रापे आहे की, तेही वर्णनावरून फॉर्म, यादी, परवानग्या सगळं काढतं, आणि एमआयटी या मोकळ्या परवान्यात आहे. नवं कशाला?

(हलके घ्या. मी काहीच वापरत नाही. मी पगारी माणूस आहे, जे सांगतील ते वापरतो.)

---

उंबरठा

ससेभाऊ, प्रश्न रास्त आहे. फ्रापे आम्ही पाहिलं होतं, दमदार आहे. पण त्यात वर्णन हेच कायम चालतं. अ‍ॅप्लिकेशन फ्रापेच्या आत राहतं. आमचं अवजार कोड काढून देतं आणि बाजूला होतं. उद्या अवजार फेकून दिलंत तरी तुमचा कोड तुमच्याकडे चालू. कुणाला हे आवडेल, कुणाला ते.

शंकासुरराव, तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर: माहीत नाही. विचार करतोय.

---

अर्धविराम

वरच्या प्रतिसादातल्या "कोड काढून देतं आणि बाजूला होतं" या वाक्यावर मी अडखळलो. परवान्याच्या दृष्टीने तुमच्या अवजाराची खरी मेख तिथेच आहे, आणि धाग्यात अजून कुणी तिला हात घातलेला नाही.

आधी ढोबळ. परवानाच लावला नाही तर कोड दिसतो, पण कायद्याने कुणालाही वापरता येत नाही. कॉपीराइट आपोआप तुमचाच. एमआयटी म्हणजे आमची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, बाकी काय वाटेल ते करा. अपाची २.० जवळपास तसाच, पण त्यात पेटंटबद्दल स्पष्ट कलम आहे. ते कलम का महत्त्वाचं हे २०१७ मध्ये फेसबुकच्या वेब लायब्ररीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या वेळी कळलं. फेसबुकने परवान्याला पेटंटची वेगळी पुरवणी जोडली होती, अपाची फाउंडेशनने ती आपल्या प्रकल्पांत चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि सप्टेंबरात फेसबुकला मुकाट्याने एमआयटीवर यावं लागलं. जीपीएल म्हणजे बदल करून दुसऱ्याला दिलंत तर सोर्सही द्या. पण वेब अ‍ॅप्लिकेशन कुणी 'देत' नाही, ते आपल्याच सर्व्हरवर चालवतं, त्यामुळे जीपीएल तिथे लागूच होत नाही. ती फट बुजवायला एजीपीएल आला. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे. बऱ्याच मोठ्या कंपन्या एजीपीएलला दारातही उभं करत नाहीत, गुगलमध्ये तर उघड बंदी आहे.

आता मेख. तुमच्या अवजारात साचे असणार. त्या साच्यांतला मजकूर जसाच्या तसा बाहेर पडलेल्या कोडमध्ये जातो. म्हणजे वापरणाऱ्याच्या प्रकल्पात तुमच्या कोडची नक्कल बसते. अवजार एजीपीएल ठेवलंत आणि साच्यांबद्दल काही बोलला नाहीत, तर निघालेला प्रत्येक फॉर्म एजीपीएल आहे की नाही यावर वकील घरं बांधतील. हा प्रश्न नवा नाही. बायसन नावाचं पार्सर (मजकुराची फोड करणारा कोड) काढून देणारं अवजार जीपीएल आहे, पण त्याच्या परवान्यात मुद्दाम सूट लिहिली आहे की बाहेर पडलेल्या पार्सरला तुम्ही हवा तो परवाना लावा. जीसीसी या कंपायलरच्या रनटाइमलाही अशीच सूट आहे.

तेव्हा अवजाराचा परवाना कुठलाही घ्या. साच्यांचा वेगळा ठरवा आणि पहिल्याच पानावर लिहा. एवढं केलंत तरी निम्मे प्रश्न येणार नाहीत;

---

आळशी ससा

प्रतिसाद अर्धविरामाने संपवायची सवय मात्र गेली नाही.

---

भुंगा

रच्याकने, कुणी विचारायच्या आत सांगतो. रेपो (कोडचं सगळं भांडार) खुला करण्याआधी जुना इतिहास धुंडाळा. संपूर्ण. पासवर्ड, टोकन, गिऱ्हाइकाच्या डेटाबेसचा पत्ता, टेस्टमध्ये घातलेली खऱ्या माणसांची नावं. आजच्या फाइलीत नाही म्हणजे नाही, असं गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या अवजारात, नसतं. पुढच्या कमिटमध्ये खोडलेली ओळ मागच्या कमिटमध्ये जिवंत असते. रेपो खुला झाला की असल्या किल्ल्या हुडकणारे बॉट मिनिटांत पोचतात.

क्रम महत्त्वाचा. आधी किल्ली बदला, मग इतिहास साफ करा. लोक उलटं करतात. इतिहास घासूनपुसून लख्ख, आणि किल्ली तीच.

दुसरं, एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारात, टाकणार असाल तर प्रकाशित करण्याआधी 'पॅक' ही आज्ञा 'ड्राय रन' लावून चालवा. पुडक्यात नक्की काय काय जाणार त्याची यादी समोर येते. काय वगळायचं ते सांगणारी एनपीएम-इग्नोर फाइल केलीत तर गिट-इग्नोरकडे ते ढुंकूनही बघत नाही, हे निम्म्या जगाला माहीत नाही. गिटपासून लपवलेली फाइल थाटात एनपीएमवर गेलेली मी पाहिली आहे.

---

उंबरठा

भुंगेराव, साष्टांग नमस्कार.

काल रात्री बसलो. पहिल्या वर्षातल्या एका कमिटमध्ये एका गिऱ्हाइकाच्या मेल सर्व्हरचा पासवर्ड मिळाला. कमिटचा संदेश होता: "तात्पुरतं, उद्या काढतो." काढला होताच, दुसऱ्या दिवशी. लिहिणारा मीच.

पासवर्ड अजून तोच होता. गिऱ्हाइकाला रात्रीच फोन करून बदलून घेतला. ते शांतपणे म्हणाले की त्यांनाही तो आठवत नव्हता.

शिवाय टेस्टमध्ये 'नमुना विदा' म्हणून आम्ही घातलेली अकरा नावं एका गिऱ्हाइकाच्या खऱ्या कर्मचाऱ्यांची निघाली. आता कोरी पाटीच करणार. इतिहास आमच्याकडे राहील, बाहेर एकच पहिला कमिट.

---

जुनंखोड

कोरी पाटी करा, पण एक काम आधी उरकून घ्या. इतिहासात 'हे असं विचित्र का लिहिलंय' याची उत्तरं असतात. ओळीवर बोट ठेवून मागे गेलं की कळतं, अमुक ब्राउझरमध्ये अमुक मोडत होतं म्हणून. पाटी कोरी केलीत की बाहेरच्याला ती विचित्र ओळ फक्त विचित्र दिसेल आणि तो ती 'सुधारून' देईल. अशा पंधरा-वीस जागा तरी शोधून तिथेच टिपणी लिहा.

---

ठिगळ

हा धागा वाचून राहवलं नाही. एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीचा मी सहा वर्षं मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, होतो. 'होतो' हे मुद्दाम.

'वापरायला घेतलं तर पुढे काय' या प्रश्नाला लोक बहुधा आकड्यांत उत्तर देतात. इतके स्टार, इतके डाउनलोड. ते आकडे फसवे असतात. कुणाच्या तरी कुणाच्या तरी कुणावर तुम्ही अवलंबित्व म्हणून बसलेले असता, आणि त्यांच्या बिल्ड सर्व्हरने (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बांधणाऱ्या) दर कमिटला तुम्हाला उतरवून घेतलं की आकडा वाढतो. माणूस एकही नसतो त्यामागे. लेफ्ट-पॅडच्या वेळी मार्च २०१६ मध्ये हेच दिसलं. अकरा ओळींचं पॅकेज, लेखकाने रागाने काढून घेतलं, आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशांचे बिल्ड जगभर पडले.

खरं काम आकड्यांत दिसत नाही. पहिलं वर्ष मजेत जातं. कुणीतरी अनोळखी माणूस तुमचं लिहिलेलं वापरतोय याचंच अप्रूप. दुसऱ्या वर्षी इश्यू, म्हणजे लोकांच्या तक्रारी-मागण्या, येऊ लागतात, आणि त्यातले थोडेच बग असतात. बाकीचे म्हणजे त्यांच्या मशीनवरची गडबड, त्यांच्या साहेबांनी दिलेली मुदत, आणि "हे नसेल तर आम्ही दुसरं वापरू" अशा प्रेमळ धमक्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. एकदा रात्री अकराला एकाने लिहिलं, "उद्या आमचं लाँच आहे, हे आज दुरुस्त करा." मी दुरुस्त केलं. त्याने आभारही मानले नाहीत, इश्यू बंदही केला नाही. तो अजून उघडा आहे.

पण मला त्याहून जड गेले ते चांगले लोक. कुणीतरी चार दिवस खपून तीनशे ओळींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल आत घ्या' अशी विनंती, पाठवतं. कोड नीटनेटका, टेस्ट लिहिलेल्या, सोबत गोड पत्र. आणि तुम्हाला ते नको असतं. कारण एकदा आत घेतलं की तो माणूस जातो आणि त्या तीनशे ओळी तुमच्या होतात, कायमच्या. नाही म्हणायला मला दोन-दोन महिने लागायचे. लाजेने उत्तरच द्यायचो नाही. नकारापेक्षा ते गप्प राहणं लोकांना जास्त लागतं हे फार उशिरा कळलं.

म्हणून उंबरठा, परवान्यापेक्षा आधी एक वेगळी फाइल लिहा: आम्ही काय करणार नाही. उदाहरणार्थ, दुसरे डेटाबेस जोडणार नाही. मोबाइल अ‍ॅप काढून देणार नाही. इश्यू आठवड्यातून एकदाच बघू. मोठी पुल रिक्वेस्ट आधी विचारल्याशिवाय घेणार नाही. हे पहिल्या दिवशी लिहिलेलं असलं की तो नियम असतो. तिसऱ्या वर्षी लिहिलंत की तो उद्धटपणा होतो.

आणि थकलात तर कुणाच्याही हाती किल्ल्या देऊन मोकळे होऊ नका. इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या लेखकाने २०१८ मध्ये एका उत्साही स्वयंसेवकाला हक्क दिले. माणूस आधी नीट कामही करत होता. मग त्याने एक छोटं अवलंबित्व जोडलं आणि त्यातून बिटकॉइनचं पाकीट मारायचा डाव होता. मूळ लेखकाला मी दोष देत नाही. फुकट राबून कंटाळलेल्या माणसाने आणखी काय करायचं? मी माझी लायब्ररी 'आता बदल होणार नाहीत' अशी पाटी लावून गोठवली. शिव्या खाल्ल्या. झोप लागली.

---

भुंगा

+१. वाचनखूण साठवली.

---

वाटसरू

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. आमची टीम वापरणारी.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या स्टार्टअपचं ओपन सोर्स अवजार घेतलं. नाव सांगत नाही, माणसं भली होती. दीड वर्षाने कंपनी बंद पडली. आमच्याकडे सोर्स होता, परवाना उत्तम होता, तरी आठ महिने रखडलो. कारण सोर्स असणं आणि तो बिल्ड करता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचं अवजार बिल्ड व्हायला त्यांच्याच सर्व्हरवरून दोन फाइली खेचायचं. सर्व्हर गेला, फाइली गेल्या. परवाना घेऊन काय पूजा करायची?

म्हणून आता आम्ही नवं काही घेण्याआधी एकच चाचणी करतो. कोऱ्या मशीनवर, फक्त रेपोच्या आधारे, मूळ कंपनीचा एकही पत्ता न वापरता बिल्ड करून बघतो. नाही झालं तर घेत नाही, मग स्टार कितीही असोत.

निरोप कसा घेतला जातो यावरही बरंच ठरतं. पार्स ही सेवा बंद करत असल्याचं फेसबुकने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं, वर्षभराची मुदत दिली आणि सर्व्हर खुला करून दिला. पार्स सर्व्हर अजून जिवंत आहे. रीथिंकडीबी ही डेटाबेस बनवणारी कंपनी ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद पडली तेव्हा कोड एजीपीएल होता आणि हक्क बुडालेल्या कंपनीकडे. शेवटी सीएनसीएफ या लिनक्स फाउंडेशनच्याच संस्थेने २५,००० डॉलर मोजून हक्क घेतले, परवाना अपाची केला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनला दिला. वर्षानुवर्षांचं काम, लाखो डॉलरची गुंतवणूक, आणि शेवटी ही किंमत. तो आकडा वाचून मला आमच्या त्या भल्या माणसांची आठवण आली होती.

---

शंकासुर

वाटसरूताईंशी सहमत, त्यात भर. योगदान देणाऱ्यांकडून सीएलए लिहून घेऊ नका. सीएलए म्हणजे 'माझ्या कोडचं पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा' असं लिहून देणं. ते नसेल तर कंपनीला परवाना बदलताच येत नाही, शेकडो लोकांची संमती कुठून आणणार?

---

अर्धविराम

शंकासुर, अर्धंच बरोबर. जीपीएल किंवा एजीपीएल असेल तर तुमचं म्हणणं खरं. एमआयटी किंवा तसाच सैल बीएसडी असेल तर सीएलए असो वा नसो, पुढची आवृत्ती कोणीही बंद परवान्यात काढू शकतो, कारण मूळ परवानाच ते करू देतो. रेडिस बीएसडीच होतं. आधी दिलेल्या आवृत्त्या मात्र कुणी परत घेऊ शकत नाही, व्हॅल्की उभं राहिलं ते त्याच जोरावर;

---

शंकासुर

मान्य. हे माझ्या डोक्यात उलटं बसलं होतं.

---

जुनंखोड

पैशाचं कुणीच बोलत नाहीये, मी बोलतो.

मिटिऑर हे वेब फ्रेमवर्क आठवतंय का? २०१२ च्या एप्रिलात आलं, आधी जीपीएल, ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत एमआयटी. त्याच वर्षी १ कोटी १२ लाख डॉलरची गुंतवणूक. डेमो असा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एका खिडकीत बदल, दुसरीत लगेच दिसणार. पण डेटाबेस मोंगोच, पॅकेजंही आपलीच वेगळी. एनपीएमशी सरळ सोयरीक व्हायला मार्च २०१६ उजाडला. तोवर लोक रिअ‍ॅक्टकडे गेले होते. कंपनीही पुढे अपोलो या आपल्याच दुसऱ्या उत्पादनाच्या मागे गेली आणि २०१९ मध्ये मिटिऑर विकलं गेलं. अवजार वाईट नव्हतं. पण एवढे पैसे घेतले की एवढ्या वेगाने वाढावं लागतं, आणि फ्रेमवर्कसारखी गोष्ट त्या वेगाने वाढत नसते.

याच्या समोर साइडकिक ठेवा. रुबी भाषेत पडद्यामागे कामं उरकणारं अवजार. एका माणसाने २०१२ मध्ये सुरू केलं. मूळ भाग खुला, जास्तीच्या सोयी वर्गणीवर. गुंतवणूक नाही. अजून चालू आहे, चांगलं चालू आहे.

तुम्ही तिघं गिऱ्हाइकांच्या कामावर जगता. अवजाराने तुम्हाला पोसायची गरज नाही, हे तुमचं बळ आहे. ते 'प्रो आवृत्ती'च्या नादात घालवू नका. निदान दोन वर्षं तरी.

---

आळशी ससा

खोडकाका आज फॉर्मात.

---

उंबरठा

सात आठवड्यांनी परत आलो. गायब झालो नव्हतो, कामच करत होतो.

काय केलं ते सांगतो. परवाना अपाची २.०. साच्यांना वेगळी सूट: बाहेर पडलेला कोड पूर्णपणे वापरणाऱ्याचा, आमचं नावही ठेवायची सक्ती नाही. सीएलए नाही. आत-बाहेर एकच आवृत्ती, मागचे तीन आठवडे गिऱ्हाइकाचं कामही त्याच रेपोवरून चाललंय. 'आम्ही काय करणार नाही' ही फाइल लिहिताना तिघांत कडाक्याचं भांडण झालं, म्हणजे ती योग्य फाइल असावी. वाटसरूताईंची चाचणी केली आणि पहिल्या फेरीत नापास झालो. चिन्हांचा एक फाँट आमच्याच सर्व्हरवरून येत होता. आता रेपोत ठेवलाय.

पण खरा धडा दुसरीकडे मिळाला. एका मैत्रिणीला, जी प्रोग्रॅमर आहे पण आमचं अवजार तिने कधी पाहिलेलं नाही, रीडमी (सुरुवात कशी करायची ते सांगणारी फाइल) देऊन बसवलं. अट अशी की मी शेजारी बसणार, पण एक शब्द बोलणार नाही. आमच्या अंदाजाने काम दहा मिनिटांचं. तिला एक तास पाच मिनिटं लागली. दुसऱ्याच पायरीला "काहीतरी चुकलं" असा संदेश आला. तो संदेश मी लिहिलेला. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हो, ते दिसतंय." मी ओठ चावून गप्प.

पुढे तिने नमुन्याच्या फॉर्ममध्ये स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं आणि अवजाराने ते नाकारलं: "नावात फक्त अक्षरं चालतील." आम्ही तपासणीत युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरला होता आणि स्वतःला फार हुशार समजत होतो, की बघा, आम्ही इंग्रजीवर थांबलो नाही. पण युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही 'अक्षरं' नाहीतच, ती 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात बसतात. म्हणजे 'कमल' चाललं असतं, 'किरण' अडलं असतं. चिन्हांचा वर्ग जोडला. मग तिने 'र्‍य' असलेलं एक आडनाव टाकलं, तेही अडलं. तिच्या कीबोर्डावर तो अर्धा र काढायला मधे एक न दिसणारा जोडक येतो, आणि तो ना अक्षर, ना चिन्ह. मग लांबीची मर्यादा. 'क्षि' डोळ्याला एक, मशीनला चार. दोन वर्षं, सात प्रकल्प, आणि हे आम्हाला कधी दिसलं नाही, कारण सगळ्या गिऱ्हाइकांकडे नावं रोमन लिपीत भरली जात होती आणि टेस्टमध्येही आम्ही तीच घातली होती.

शेवटी नावाच्या रकान्यावरची ती तपासणी पूर्णच काढून टाकली. कुणाच्या नावात काय असावं हे ठरवणारे आम्ही कोण? रिकामं नसलं म्हणजे झालं.

मागच्या सोमवारी रेपो खुला केला.

---

ठिगळ

अभिनंदन. पहिला इश्यू आला का?

---

उंबरठा

पहिले चार दिवस काहीच नाही. तिघंही दर तासाला पान ताजं करून बघत होतो, एकमेकांपासून लपवून.

पाचव्या दिवशी थेट पुल रिक्वेस्ट आली. कोण, कुठला, ठाऊक नाही. एकाच ओळीची. रीडमीच्या दुसऱ्या पायरीआधी त्याने लिहिलं होतं: "डेटाबेस आधी सुरू करून घ्या." मैत्रिणीनंतर आम्ही तो 'काहीतरी चुकलं'वाला संदेश सुधारला, पण ही ओळ लिहायची राहूनच गेली होती. लगेच आत घेतली.

आठवड्यातून एकदाच बघायचा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला, ठिगळराव, माफ करा.

---

ठिगळ

एकदा चालतं.

---

वाटसरू

आत्ताच कोऱ्या मशीनवर बिल्ड करून पाहिला. तुमचे पत्ते अडवून. झाला.

---

शंकासुर

परवाना वाचला, साच्यांची सूटही वाचली. तूर्त शंका नाही. चौथा आला की कळवा.